दुचाकीचं चार्जिंग बिघडलं की बॅटरी बदलण्याआधी काय तपासायचं

सेल्फ दाबला, आतून नुसतं ‘कट्’ झालं आणि मीटरवरचे दिवे विझले. इंदूरात गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या दुकानात नेली, की मेकॅनिक सीट उघडायच्या आधीच निदान सांगून टाकतो: ‘भिया, बैटरी गई.’ नवी बॅटरी बसते, पंधरा-वीस दिवस गाडी छान चालते आणि मग पुन्हा तेच ‘कट्’. या खेपेला उत्तर असतं की बॅटरीच खराब निघाली.

पुष्कळदा बॅटरीचा त्यात काही दोष नसतो. तिला पोटभर मिळत नसतं, किंवा गरजेपेक्षा जास्त भरवलं जात असतं, किंवा गाडी उभी असताना कोणीतरी चोरून खात असतं. हे तीन निरनिराळे आजार आहेत आणि तिन्ही घरच्या अंगणात, साध्या मल्टिमीटरने ओळखता येतात. पायऱ्यांचा क्रम मात्र मोडू नका. आधीचा आकडा हाती असल्याशिवाय पुढच्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

पुढचं सगळं १२ व्होल्टच्या पेट्रोल दुचाकींसाठी आहे. विजेवर चालणाऱ्या स्कूटरची मोठी बॅटरी हे वेगळं आणि धोक्याचं प्रकरण आहे, तिच्यात हात घालू नका.

वीज कुठून येते आणि कुठे जाते

मोटरसायकलमध्ये सहसा डाव्या कव्हराखाली आणि बहुतेक स्कूटरमध्ये उजवीकडे, पंख्याच्या मागे, एक जड वाटी क्रँकबरोबर फिरत असते. तिच्या आतल्या कडेला चुंबकं बसवलेली असतात. मेकॅनिक तिला ‘मॅग्नेट’ म्हणतात. वाटीच्या पोटात तांब्याच्या तारेची कॉइल स्थिर असते. मॅग्नेट फिरला की कॉइलमध्ये एसी वीज तयार होते. तिथून ती रेग्युलेटरकडे जाते. बाहेरून थंड होण्यासाठी उभ्या पट्ट्या असलेला हा ॲल्युमिनियमचा डबा दोन कामं करतो: एसीची डीसी करतो आणि व्होल्टेज साधारण साडेचौदाच्या वर जाऊ देत नाही. मग फ्यूजमधून वीज बॅटरीत.

यातली एक गोष्ट नवख्याला ठाऊक नसते, आणि पुढचे निम्मे बिघाड तिच्यातूनच कळतात. बहुसंख्य दुचाकींचा रेग्युलेटर जास्तीची वीज ‘बंद’ करत नाही. तो कॉइलची तोंडं काही क्षण एकमेकांना जोडून ती वीज कॉइलमध्येच जिरवतो. म्हणजे बॅटरी भरलेली असो वा रिकामी, कॉइल कायम पूर्ण राबत असते आणि तापत असते. म्हणून हॅलोजनचा दिवा काढून एलईडी लावला की ‘कॉइलला आराम मिळाला’ असं समजू नका. बॅटरीला फायदा होतो, कॉइलला नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या गाडीच्या वयाची. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत पेटलेलाच राहतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम) आलं आणि कार्ब्युरेटरच्या जागी बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन बसलं. जुनी कार्ब्युरेटरची गाडी बॅटरी मेली तरी किकवर चालून जाई. आता पेट्रोल पंप आणि ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) दोघांनाही वीज लागते, त्यामुळे बॅटरी फार उतरली की किक मारून पाय दुखतात आणि गाडी हूं की चूं करत नाही.

हीच मॅग्नेट-कॉइल-रेग्युलेटरची साखळी गुलमर्गला बर्फावर पळणाऱ्या स्नो स्कूटरमध्येही असते. तिथे दोरी ओढून सुरू होणाऱ्या काही गाड्यांना बॅटरीच नसते, दिवे थेट कॉइलच्या विजेवर पेटतात. तपासण्याची रीत तीच. हवामान मात्र उलटं: कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि उतरलेली बॅटरी चक्क गोठून फुटू शकते. इंदूरात ती गोठत नाही, उकडते. मे महिन्यात राजवाड्यापाशी दुपारभर उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली काय होत असेल याची कल्पना करा.

हाताशी काय हवं

एक डिजिटल मल्टिमीटर. जेल रोडवर तीनशे ते पाचशे रुपयांत कामापुरता मिळतो. त्यात डीसी २०, एसी २०० किंवा त्याहून वरची रेंज, २०० ओहम, डायोड टेस्ट आणि १० अँपिअरचं वेगळं भोक असलं म्हणजे झालं. त्याशिवाय ८ आणि १० नंबरचे पाने, फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, व्हॅसलीन, जुना टूथब्रश आणि गाडीला आहे त्याच अँपिअरचे दोन फ्यूज. दुचाकीच्या बॅटरीला चालणारा लहान चार्जर असेल तर फारच बरं. कारचा मोठा चार्जर लावू नका, ५ एएचची (अँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचं माप) बॅटरी तो शिजवून काढतो.

गाडी मोकळ्या हवेत, डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालवून तपासणी करू नका. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंत आणि पाना चासीला टेकला, तर ठिणगी अशी उडते की पाना चिकटून बसतो.

आधी लक्षण नीट ओळखा

रात्री ठीक असलेली गाडी सकाळी उठत नाही आणि एकदा सुरू झाली की दिवसभर काही तक्रार नाही: बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा रात्री वीज गळते आहे. सकाळी उत्तम सुरू होते पण दोन-तीन ठिकाणी थांबत गेलं की संध्याकाळी मान टाकते: चार्जिंग होत नाही. बल्ब वरचेवर उडतात, बॅटरी फुगली आहे, सीटखाली सडक्या अंड्यासारखा वास येतो: चार्जिंग जास्त होतंय. सेल्फ कधी जोरात फिरतो, कधी नुसतं ‘कट्’, आणि हँडल हलवलं की पुन्हा चालतो: कुठेतरी जोड ढिला आहे, भाग बदलायच्या भानगडीत पडू नका.

जुन्या, एसी हेडलाइटच्या गाडीत रेसबरोबर दिवा कमी-जास्त होणं हा दोष नाही. त्यांची रचनाच तशी होती.

पायरी १: बॅटरी शांत असताना

गाडी बंद करून किमान चार तास झालेले असावेत. तेवढा धीर नसेल तर चावी देऊन हेडलाइट एक मिनिट पेटवा, बंद करा, पाच मिनिटं थांबा. हेडलाइट इंजिनाशिवाय पेटत नसेल तर ब्रेक आणि इंडिकेटर चालू ठेवा. नुकत्याच चालवलेल्या बॅटरीच्या प्लेटवर वरवरचा चार्ज साचलेला असतो आणि तो खोटा आकडा दाखवतो.

मीटर डीसी २० वर, लाल टोक पॉझिटिव्हला, काळं निगेटिव्हला. १२.७ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या खाली रिकामी. रात्रभर चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडकत असेल, तर सहापैकी एक सेल मेला आहे (प्रत्येकाचे २.१ व्होल्ट धरा) आणि त्या बॅटरीला औषध नाही.

आता सेल्फ मारत मीटर बघा. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी नाकाम, किंवा निदान आत्ता तरी नीट भरलेली नाही. १०.५ च्या वर टिकला तर ती ठणठणीत आहे.

बॅटरी १२.४ च्या खाली असेल तर पुढे जाण्याआधी चार्ज करा. एएचच्या दहाव्या हिश्शाने: ५ एएचला अर्धा अँपिअर, ९ एएचला ०.९, आठ ते दहा तास. हे टाळू नका. रिकामी बॅटरी एवढी वीज ओढते की चार्जिंग निर्दोष असतानाही मीटर १३ च्या वर चढत नाही, आणि लोक चांगला रेग्युलेटर काढून फेकतात.

पाणी घालायची बॅटरी असेल तर पातळी वरच्या रेघेपर्यंत आणा, फक्त डिस्टिल्ड वॉटरने. नळाला नर्मदेचं पाणी येतं ते पिण्यासाठी. त्यातले क्षार प्लेटवर बसतात. आरओचं पाणीही डिस्टिल्ड नव्हे. ॲसिड तर कधीच वरून ओतायचं नाही, उडून जातं ते पाणी असतं, ॲसिड आतच राहतं.

पायरी २: टोकं, फ्यूज आणि अर्थ (अर्थिंग)

सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त गाड्या सुधारतात त्याही हिच्यातच.

बॅटरीची दोन्ही टोकं उघडा. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने टूथब्रश मारा, पुसा, पूर्ण वाळवा. आतला धातू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. बोल्ट घट्ट आवळा आणि त्यानंतर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या. उलट क्रम नको: आधी व्हॅसलीन फासून मग टोक बसवणारे लोक आहेत.

निगेटिव्हची जाड वायर चासीला किंवा इंजिनाला जिथे बोल्टने बसते तिथेही हेच करा. रंग मारलेल्या चासीवर वॉशर टेकला असेल तर अर्थ अर्धवट मिळतो. नंतर एक छोटी परीक्षा घ्या: मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (वायरच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीवर नव्हे, खांबावरच), दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा रस्ता खराब आहे.

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून सोडू नका. आतली तार केसासारखी तडकलेली असते आणि दिसत नाही. काढून मीटरच्या बझरवर तपासा. फ्यूजच्या खोबणीचे पाय काळे पडले असतील तर तेही साफ करा. वारंवार उडतो म्हणून १५ च्या जागी ३० अँपिअरचा घालणं किंवा वायरचा तुकडा वळून बसवणं म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जाळणं.

पायरी ३: इंजिन चालू असताना

ही मुख्य परीक्षा. भरलेली बॅटरी, मीटर बॅटरीच्या खांबांवर, गाडी सुरू. आयडलला साधारण १३ च्या पुढे असावं. आता रेस हळूहळू वाढवून ५००० आरपीएमपर्यंत न्या. गाडीला टॅकोमीटर नसेल तर १००-१२५ सीसीच्या गाडीत तिसऱ्या गिअरवर ताशी ४० ने जाताना जो आवाज येतो तेवढा धरा. इथे १३.८ ते १४.७ हवं. मग हाय बीम, ब्रेक, इंडिकेटर एकदम चालू करा. तरीही १३.५ च्या वर राहिलं तर चार्जिंगची यंत्रणा निर्दोष आहे, थेट पायरी ६ वर जा.

आकडा १२.५ च्या आसपास राहून हळूहळू घसरत असेल तर बॅटरीला काहीच पोहोचत नाही: पायरी ४. आयडलला ठीक पण रेस दिल्यावर खाली येत असेल तर रेग्युलेटर किंवा कॉइलचा एक फेज (तिच्या तीन भागांपैकी एक) गेलेला असण्याची शक्यता मोठी. १५ च्या वर चढत असेल तर लगेच इंजिन बंद करा. आकडा सारखा उड्या मारत असेल तर जोड ढिला.

या पायरीवर एक जुनी युक्ती अजून शिकवली जाते: चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची, गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक. इंजेक्शनच्या गाडीवर हा प्रयोग कधीही करू नका. बॅटरी ही व्होल्टेजची उशी असते. ती काढली की रेग्युलेटरमधून येणारे झटके थेट ईसीयूवर बसतात. ईसीयूच्या किमतीत चार बॅटऱ्या येतात.

पायरी ४: कप्लर आणि वायर

कॉइलकडून रेग्युलेटरकडे जाणारा कप्लर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट) शोधा. तीन पिवळ्या वायरी दिसल्या तर तोच. गाडीत विजेचा सर्वात जास्त भार याच पिनांमधून सतत वाहत असतो. उघडून बघा: प्लास्टिक तपकिरी झालंय, एक पिन काळी पडली आहे, वायरचं इन्सुलेशन कडक झालंय, तर चोर सापडला. हिशोब सोपा आहे. ८ अँपिअर वाहत असताना एका पिनेवर फक्त अर्धा व्होल्ट अडकला तरी ४ वॅट उष्णता त्या इवल्याशा पिनेत तयार होते. उष्णतेने पिन सैल होते, सैल झाल्यावर अजून तापते आणि शेवटी वितळते.

किंचित काळी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक पॉलिश पेपर आणि मादी पिन पातळ स्क्रू ड्रायव्हरने जराशी दाबून घट्ट करणं पुरतं. वितळली असेल तर कप्लरच बदला. वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणं हा उपाय नव्हे. मे महिन्यात टेपचा गोंद वितळतो आणि पावसाळ्यात आत पाणी शिरतं. क्रिंपिंग करून नव्या पिना, वर हीट श्रिंक स्लीव्ह.

आता रेग्युलेटर ते बॅटरी हा रस्ता मोजा. इंजिन चालू, रेस ५००० वर, सगळे दिवे चालू. मीटर डीसीवर. लाल टोक रेग्युलेटरच्या लाल वायरच्या पिनेला मागून लावा, काळं टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला. ०.३ पेक्षा कमी यायला हवं. मग रेग्युलेटरची अर्थ वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह: इथे ०.२ च्या आत. अर्थ वायरचा रंग कंपनीगणिक बदलतो. होंडा आणि हीरोमध्ये हिरवा, यामाहात काळा, सुझुकीत काळ्यावर पांढरी रेघ, बजाजमध्ये काळ्यावर पिवळी. इंदूरातले बरेच वायरिंगवाले मिळेल त्या रंगाची वायर जोडतात, म्हणून दुरुस्ती झालेल्या गाडीत रंगावर विसंबू नका, वायर हाताने धरून शेवटपर्यंत जा.

पायरी ५: कॉइल आणि रेग्युलेटर

इंजिन बंद, तोच कप्लर उघडा. मीटर २०० ओहमवर. आधी मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो लिहून ठेवा (स्वस्त मीटरमध्ये ०.२ ते ०.५ तरी येतोच) आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करा. हे न केल्यामुळे चांगल्या कॉइल ‘खराब’ ठरतात.

तीन पिवळ्यांपैकी पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी अशा तीन जोड्या मोजा. साधारण ०.२ ते १ ओहम, आणि तिन्ही जवळजवळ सारखे. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. एक जोडी उघडी दाखवली तर तार तुटली. मग प्रत्येक पिवळी आणि इंजिनाचा धातू यांच्यात मोजा. काहीही दाखवता कामा नये. आकडा आला म्हणजे तारेचं एनॅमल जळून कॉइल अर्थ झाली आहे.

इथे एक सापळा आहे. जुन्या १००-११० सीसीच्या पुष्कळ गाड्यांत तीन पिवळ्या नसतातच. कॉइलमधून एक पांढरी (चार्जिंगची) आणि एक पिवळी (दिव्याची) येते आणि कॉइलचं दुसरं टोक मुद्दामच इंजिनाला जोडलेलं असतं. अशा गाडीत पांढरी-अर्थ मोजल्यावर ओहम दिसणारच, आणि तेच बरोबर आहे. ते बघून ‘कॉइल शॉर्ट’ म्हणणारा मेकॅनिक भेटला तर गाडी परत घ्या.

ओहमच्या परीक्षेत पास झालेली कॉइलही गरम झाल्यावर नापास होते, म्हणून चालू इंजिनावर बघायचं. तीन फेजच्या गाडीत कप्लर उघडाच ठेवून, मीटर एसी २०० वर, गाडी सुरू करा. आयडलला जोडीमागे साधारण १५ ते २५ व्होल्ट एसी, ५००० ला ५० च्या वर. गाडीगणिक फरक पडतो, त्यामुळे नेमक्या आकड्यापेक्षा दोन गोष्टी बघा: तिन्ही जोड्या सारख्या आहेत का, आणि रेस दिल्यावर आकडा सरळ वर चढतो का. वीस मिनिटं गाडी फिरवून आणून, तापलेल्या इंजिनावर हीच परीक्षा पुन्हा घ्या. या वेळी उघड्या पिनांना बोट लावू नका, ७० व्होल्ट एसी चांगला झटका देतात.

कॉइल पास, वायरी पास, कप्लर पास, तरी बॅटरीवर १२.५ च? मग उरला रेग्युलेटर. खात्री करायची तर तो काढून मीटर डायोडवर ठेवा. काळं टोक लाल वायरच्या पिनेला, लाल टोक एकेका पिवळ्या पिनेला: तिन्ही ठिकाणी साधारण ०.४ ते ०.६. टोकं उलटी करा: काहीच येऊ नये. एखादी पिन दोन्हीकडे आकडा दाखवते किंवा शून्य दाखवते, तर आतला डायोड गेला. ही परीक्षा नापास होणं पक्का पुरावा आहे. पास होणं नाही, कारण व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग या मीटरला दिसत नाही. अशा वेळी त्याच मॉडेलचा चालू रेग्युलेटर लावून बघणं हाच खरा मार्ग.

जास्त चार्जिंगचा, म्हणजे १५ च्या वरचा, दोष बहुतेकदा रेग्युलेटरचाच. पण बदलण्याआधी त्याची अर्थ वायर आणि असल्यास व्होल्टेज ‘बघणारी’ बारीक वायर तपासा. रेग्युलेटरला बॅटरीवर १३ दिसत असतील आणि प्रत्यक्षात तिथे १४.५ असतील, तर तो बिचारा अजून भरतच राहणार. जास्त चार्जिंगने फुगलेली बॅटरी मात्र काढूनच टाका.

पायरी ६: रात्रीची चोरी

चार्जिंग ठीक, बॅटरी ठीक, तरी तीन दिवस उभी राहिली की गाडी बंद. चावी बंद करा, निगेटिव्ह वायर सोडवा. मीटरचं लाल टोक १० अँपिअरच्या भोकात लावून ते सोडवलेल्या वायरला, काळं बॅटरीच्या निगेटिव्हला. आता चावी किंवा सेल्फला हातही लावायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो. दहा अँपिअरवर काही दिसत नसेल तर लाल टोक मीटरच्या एमएच्या भोकात हलवून २०० मिलिअँपिअरवर या.

कारखान्यातून आलेल्या गाडीत १ ते ५ मिलिअँपिअर ठीक. २० दिसले तर ५ एएचची बॅटरी २५० तासांत, म्हणजे दहा दिवसांत कोरडी, आणि सेल्फ न उचलण्याइतकी कमजोर तर पाच-सहा दिवसांतच. चोर जवळजवळ नेहमी मागून बसवलेला असतो: जीपीएस ट्रॅकर, अलार्म, मोबाइल चार्जर, थेट बॅटरीला जोडलेली फॉग लाइटची रिले. एकेक सुटं करत जा, आकडा पडला की सापडला. काहीच नसेल तर शेवटी रेग्युलेटरचा कप्लर काढून बघा. गळका डायोडही रात्रभर पितो.

भाग बदलताना

छोट्या ग्वालटोलीत सगळं मिळतं, अस्सल आणि नक्कल शेजारी-शेजारी. रेग्युलेटर कंपनीचाच घ्या. त्याच पिनांचा म्हणून दुसऱ्या गाडीचा दिला तर वायरींचा क्रम मिळवून पाहिल्याशिवाय लावू नका. बसवताना तो उघड्या धातूवर, वारा लागेल असा बसवा. प्लास्टिकवर झिपटायने लटकवलेला रेग्युलेटर उन्हाळा काढत नाही.

कॉइल रिवाइंड करून घेणं वाईट नाही, पण तीन गोष्टी आधीच बोलून ठेवा: तार तांब्याचीच, गेज आणि वळणं मूळचीच, आणि शेवटी वार्निश भाजून पक्कं केलेलं. वळणं कमी घातली की आयडलला चार्जिंग पडतं. कव्हर उघडताना नवा गॅस्केट जवळ ठेवा. कॉइल कव्हरला जोडलेली असेल तर मॅग्नेट कव्हरला आत ओढतो, बोटं कडेला ठेवू नका. वायर बाहेर येते तिथला रबर जागच्या जागी बसवा, नाहीतर तिथून ऑइल झिरपतं.

नवी बॅटरी घेताना तिच्यावरचा महिना-वर्ष वाचा आणि दुकानातच व्होल्टेज मोजा. १२.६ च्या खाली असेल तर ती शेल्फवर पडून म्हातारी झालेली आहे. दुसरी मागा, दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या.

शहरातली सवय आणि ऋतू

लोक समजतात की सेल्फ बॅटरी खातो. हिशोब करून पाहा: ७० अँपिअर दोन सेकंद, म्हणजे १४० अँपिअर-सेकंद. दिवे वगैरे भागवून बॅटरीला एक अँपिअर मिळत असेल तर ही उधारी अडीच-तीन मिनिटांत फिटते. खरा खर्च सिग्नलवर होतो. मल्हारगंजातून निघून राजवाड्याच्या गर्दीत आयडलवर रांगत, हेडलाइट, ब्रेक, हॉर्न चालू ठेवत दीड किलोमीटर गेलात तर कॉइल खर्चाइतकंही कमवत नाही. असा दिवसातून सहा वेळा प्रवास करणाऱ्याने आठवड्यात एकदा महूच्या रस्त्याला अर्धा तास एका वेगाने गाडी नेऊन आणावी, किंवा महिन्यातून एकदा रात्रभर चार्जर लावावा.

फॉग लाइटची जोडी ४० वॅटची असेल तर ३.३ अँपिअर एकट्या तिला लागतात. लावल्यावर पायरी ३ पुन्हा करा, आयडलला १२.८ च्या खाली जात असेल तर शहरात ती बंद ठेवा.

रंगपंचमीच्या गेरमधून (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीतून) गाडी नेली असेल तर दुसऱ्या दिवशीच धुवा, पण प्रेशरचा पाइप सीटखाली आणि रेग्युलेटरच्या कप्लरवर मारू देऊ नका. रंगाचं पाणी पिनांमध्ये अडकतं आणि हिरवा गंज दिसतो तो दोन महिन्यांनी, पाऊस सुरू झाल्यावर. कप्लर उघडून वाळवा, क्लीनर मारा. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा एवढं केलं की पुरतं.

दुरुस्ती संपली की बॅटरीच्या बाजूला मार्करने तारीख, शांत असतानाचा आकडा आणि ५००० आरपीएमचा आकडा लिहून ठेवा. सहा महिन्यांनी गाडी कुरकुरली, तर पहिल्यांदा याच दोन आकड्यांशी ताडून बघायचं आहे.